आधी विचारावे, मग शिकवावे

मानवशास्त्राचे अध्ययन पुरे करून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आश्रमशाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा व्यवसाय मी पत्करला, तेव्हापासून एका सूत्रावरची माझी निष्ठा उत्तरोत्तर दृढ होत गेली आहे : ज्याला शिकवायचे, त्याच्या जगाची माहिती शिक्षकाने प्रथम त्याच्याकडूनच मागून घ्यावी.

या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कडेकपारीत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. त्यांच्या चालीरीती, सोयरीकसंबंध आणि उपजीविका भिन्न असूनही शाळेच्या दप्तरात सर्वांची नोंद एकाच रकान्यात होते. उन्हाळ्याच्या तोंडी हिरड्याचा हंगाम आला की हजेरीपटावर गैरहजेरी वाढते. पण त्या दिवसांत मूल रानात असते, अठळी धरण्यापूर्वी तोडायचा बाळहिरडा ओळखत असते आणि घरच्यांबरोबर तो वाळवीत असते. म्हणून मी शिक्षकांना मुलाच्या घरी ओटीवर बसून घराण्याची वंशावळ उतरवून घ्यायला आणि कोणत्या झाडावर कोणाचा हक्क, वाटणी कशी होते, याचा तपशील विचारायला सांगतो. ओला हिरडा वाळल्यावर वजनात किती घटतो, हा हिशेब एकदा फळ्यावर आला की गुणोत्तराचा पाठ मुलाला परका राहत नाही. आणि उतारावर बांध घालून भातखाचरे काढण्यासाठी घराघरांनी आळीपाळीने एकमेकांकडे राबायची जी पडकईची रीत, तिच्याइतका नागरिकशास्त्राचा सुबोध धडा मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळला नाही.

याचा अर्थ मुलाला त्याच्याच पाड्यात कोंडून ठेवावे, असा मुळीच नाही. नाणेघाटाने कोकणाशी जोडलेल्या जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा शिलालेख आहे. तो दाखवीत शिक्षकाने सांगावे, की परक्या माणसांशी व्यवहार करण्याची परंपरा या भूमीत दोन सहस्र वर्षांची आहे, आणि त्या परंपरेचा वारसा विद्यार्थ्यालाही लाभलेला आहे.

आधी विचारण्याची ही रीत मी मानवशास्त्राकडून घेतली. त्या शास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि गावोगाव हिंडून माणसांमध्ये बसून करावयाच्या अभ्यासाला त्यांनी महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले, तेव्हा ज्यांच्याविषयी तोवर इतरांनीच लिहिले, त्यांच्यातलाच एक अभ्यासक आपल्या समाजाविषयी अधिकारवाणीने लिहू लागला. या विद्येचे खरे सार्थक मला त्यातच दिसते.

आश्रमशाळा, घोडेगावचे प्रकल्प कार्यालय, संग्रहालये, संशोधनसंस्था या सर्व ठिकाणी ही विद्या शिकलेल्या माणसांची निकड आहे. म्हणून या दोन तालुक्यांतील पदवीधर मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे, की चरितार्थाचा विचार करताना मानवशास्त्राला गौण लेखू नका. ही विद्या शिका, आणि शिकल्यावर आपल्याच डोंगरातल्या शाळांत परत या.