साधनाची निवड

स्मरणिकेसाठी विद्यालयाच्या आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग आजच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अधिक उपयोगाचा वाटतो, म्हणून तोच लिहितो.

आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेल्या एका विद्यार्थिनीला शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शाखेला प्रवेश मिळाला. हे महाविद्यालय 1854 सालचे. त्याच्या सहा वर्षे आधी, 1848 मध्ये, बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. या दोन ठिकाणांमधील अंतर पायी अर्ध्या तासाचे. या मुलीच्या घराला ते ओलांडायला पावणेदोनशे वर्षे लागली.

प्रवेश झाला आणि लॅपटॉपचा प्रश्न उभा राहिला. तिचे वडील एका सोसायटीत रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. ते मला म्हणाले, “सर, 85 हजारांचा बघून ठेवलाय. हप्त्यावर घेतो. पोरीला वर्गात कुणापुढं कमी वाटायला नको.” मी त्यांना लगेच थांबवले आणि सांगितले, की एखादा जुना, दहा-बारा हजारांचा संगणक घ्या, शिकणाऱ्याला काहीही चालते.

त्या वेळी मला माझा सल्ला शहाणपणाचा वाटला होता. त्यामागे माझे स्वतःचे आयुष्य होते. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम’ हा महासंगणक तयार केला, त्या सुमारास मी विद्यापीठाच्या त्याच आवारात एम.ए. करीत होतो. प्रबंधिका टंकलिखित करून घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून रात्री जागून हाताने प्रती काढल्या. संगणकाला पहिला स्पर्श झाला तो शिक्षक झाल्यानंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गात. ‘आपल्याला काहीही चालते’ हे वाक्य मी तेव्हापासून अभिमानाने बोलत आलो.

मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, इतिहास शिकवताना तुम्हीच सांगायचात, आधी प्रश्न नीट मांडा, मग साधन शोधा. मला यंत्राकडून काय काम हवंय, ते आधी बघू या का?” तिने वहीचे पान पुढे केले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून तिने टिपण केले होते. पहिले वर्ष बहुतेक सर्व शाखांना सारखेच; गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन आणि थोडे प्रोग्रॅमिंग. एवढ्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जड आराखड्यांचे काम पुढच्या वर्षांत येते आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक असतात. आराखड्यांची काही सॉफ्टवेअरे विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. मात्र त्यांतील बरीच विंडोजवरच चालतात, म्हणून विंडोज हवे. खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप जड असतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. वसतिगृह, वर्ग आणि ग्रंथालय यांच्यामध्ये तो रोज वाहून नेणे कठीण. माझ्या सल्ल्यातला टेबलावरचा संगणक तर खोलीबाहेर नेताच आला नसता, आणि 4 जीबी रॅमवर आराखड्याचे सॉफ्टवेअर रखडत चालले असते. तिला हवी होती 16 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी, चांगला कीबोर्ड आणि पुढे रॅम वाढवण्याची सोय.

आम्ही तिघे टिळक रस्त्यावर गेलो. कार्यालयांतून वापरून परत आलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप एका दुकानात होते. तिने बॅटरी किती वेळ टिकते ते पाहिले, बिजागऱ्या उघडून-मिटून पाहिल्या, प्रत्येक कळ दाबली, रॅमची जागा दाखवायला लावली आणि एक वर्षाच्या हमीसह पक्के बिल मागितले. किंमत ठरली 31 हजार. वडिलांचा चेहरा उतरला. “जुनाच घ्यायचा का?” ते हळूच म्हणाले. त्या प्रश्नातील दुखणे मला कळले. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेले उचलण्याची सक्ती ज्यांच्यावर झाली, त्यांना लेकीसाठी कोरे करकरीत हवे असते.

मी त्यांना बाबासाहेबांचे स्मरण दिले. कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार जुने ग्रंथ विकत घेतले. जुने घेण्यात कमीपणा नव्हता, कारण निवड त्यांची होती आणि ग्रंथ कामाचे होते. हे सांगताना माझीही चूक मला उमगली. वडील दिखाव्याकडे झुकले होते, तर मी मिळेल त्यावर भागवण्याच्या सवयीकडे. दोन्हींचे मूळ एकाच अपमानात होते. वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, हा सोण भिक्खूला दिलेला तथागतांचा उपदेश मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. तो त्या दिवशी माझ्याच विद्यार्थिनीने मला आचरून दाखवला.

हिशेबही महत्त्वाचा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. ते भोजन, निवास आणि निर्वाहासाठी असतात. ते लॅपटॉपच्या हप्त्यांत घातले, तर मूल अर्धपोटी शिकते.

उरलेल्या पैशांतून आम्ही अप्पा बळवंत चौकात आलेखनाचे साहित्य आणि पुस्तके घेतली. तेथून जवळच भिडेवाड्याची जागा आहे. जीर्ण वाडा 2023 च्या डिसेंबरात पाडला गेला. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. मुलगी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून क्षणभर तेथे थांबली. वडिलांनी पायांतील चपला काढल्या आणि हात जोडले.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. नवा लॅपटॉप घ्याल, तेव्हा चालू स्थितीतील जुना नीट तपासून, दुरुस्त करून विद्यालयाकडे द्या. आपल्या ग्रंथालयात असे पाच जरी असले, तरी महाविद्यालयात जाण्यापूर्वीच आपली मुले साधन ओळखायला आणि स्वतः निवडायला शिकतील.

नमो बुद्धाय! जय भीम!