फलकावर न आलेली स्टेफनी

चि. मधुरा,


विज्ञानदिनाच्या फलकाचा मजकूर मिळाला. अंतराळ म्हटलं की आपल्या शाळांची गाडी कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स या दोन नावांपुढे सरकत नाही, आणि तू थेट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा विषय घेतलास, याचं आधी कौतुक. कॅथरीन जॉन्सन, मेरी जॅक्सन, मे जेमिसन, जेसिका वॉटकिन्स ही सगळी नावं हवीतच. पण तू प्रत्येकीची निवड 'पहिली' म्हणून केली आहेस आणि त्या चाळणीतून माझी आवडती बाई गळाली: स्टेफनी विल्सन. तिचा नंबर दुसरा.

मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये एन्डेव्हर यानातून गेल्या. त्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला अंतराळात जायला जुलै २००६ उजाडला. चौदा वर्षं! स्टेफनीची निवड १९९६ मध्येच झाली होती. प्रशिक्षण, जमिनीवरची कामं यांत वर्षं गेली आणि २००३ मध्ये ज्या कोलंबिया अपघातात कल्पना चावला गेली, त्यानंतर उड्डाणंच थांबली. पुढे मात्र तिनं तीन फेऱ्या केल्या. (त्याच २००६ च्या डिसेंबरात तिसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री, जोन हिगिनबॉथम, गेल्या. सुनीता विल्यम्स त्याच यानात होती. हे तुझ्या वर्गातल्या मुलींना आवडेल.)

स्टेफनीची गोष्ट मुलींना सांगायची तर शाळेपासूनच सांग. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावची ही मुलगी. तेराव्या वर्षी शाळेनं गृहपाठ दिला, ज्या क्षेत्रात जावंसं वाटतं तिथल्या माणसाची मुलाखत घ्या. ही जवळच्या कॉलेजातल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेली. पुढे हार्वर्डमधून इंजिनिअर झाली.

तिच्या कामाचा खरा कस लागला २००७ च्या दुसऱ्या फेरीत. अंतराळस्थानकाचा एक सौरपंख उलगडताना फाटला. त्यातली वीज बंद करायची सोय नाही, कारण ऊन पडतंय तोवर तो वीज तयार करणारच. मग आत बसून तारा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपासून टाके घालायचं सामान हातानं बनवलं. शॉक बसू नये म्हणून हत्यारांवर चिकटपट्ट्या गुंडाळल्या. स्थानकाच्या यांत्रिक हाताला शटलची लांबलचक दांडी जोडली आणि तिच्या टोकावर स्कॉट पॅराझिन्स्कीला उभं करून फाटलेल्या जागेपर्यंत नेलं. तो हात आतून चालवणाऱ्यांत स्टेफनी होती. फोटो सगळे टोकावरच्या माणसाचे निघाले, हे ओघानं आलंच. तसंच ऑक्टोबर २०१९ मध्ये. फक्त स्त्रियांचा पहिला स्पेसवॉक क्रिस्टिना कुक आणि जेसिका मेअर यांनी केला. ह्यूस्टनहून त्यांच्याशी बोलणारा आवाज स्टेफनीचा होता.

आणि आता २०२४. जूनमध्ये सुनीता आठवड्याभरासाठी म्हणून गेली आणि यान नादुरुस्त झाल्यानं अडकली, हे तुझ्या वर्गातल्या पोरींना तोंडपाठ असेल. आपल्याकडे टीव्हीवर रोज तेच चालू होतं. पण तिला आणि बुच विल्मोर यांना परत आणायला यानात दोन जागा मोकळ्या हव्या होत्या, त्या आल्या कुठून? सप्टेंबरमध्ये निघणाऱ्या क्रू ड्रॅगन यानात चौघे जायचे होते, गेले दोघेच. उतरवलेल्या दोघींपैकी एक झीना कार्डमन आणि दुसरी स्टेफनी. चौदा वर्षांनी उड्डाण मिळालं होतं, सगळी तयारी झाली होती, आणि महिनाभर आधी नाव वगळलं. निर्णय योग्यच होता, माझी तक्रार नाही. पण मार्च २०२५ मध्ये सुनीता उतरली तेव्हा आपल्या एकाही चॅनेलवर हे नाव मी ऐकलं नाही.

जीनेट एप्सचंही बघ. २०१८ मध्ये ती स्थानकावर मुक्कामाला जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरणार होती. जानेवारीत तिला बदललं, कारण नासानं सांगितलं नाही. तो मान २०२२ मध्ये जेसिका वॉटकिन्सला मिळाला. जीनेट मार्च २०२४ मध्ये गेली आणि सुनीता पोहोचली तेव्हा ती वर होतीच. आता वॉटकिन्सच्या चौकटीत जीनेटचं नाव नसेल तर सहा वर्षांची ही कथाच मुलींना कळणार नाही. निदान एक ओळ घाल.

फलक लहान आहे, हे मान्य. कॅथरीनबाईंवर सिनेमा निघालाय, मुलींना त्या कुठेही भेटतील. त्यांचा मजकूर निम्मा केलास तरी चालेल. आणि स्टेफनीचा फोटो रंगीत छाप. खर्चाचं मुख्याध्यापकांकडे बोलत बसू नकोस, मी जीपे करते.

तुझी,
सुधामावशी