हर्सूलच्या तळ्याची माती

हर्सूलच्या तळ्याचे पाणी शहराला जाई. आम्हा पोरांच्या वाट्याला त्याची माती. पोळ्याआधी काठची चिकण माती आणून आम्ही बैल घडवीत असू. वाळताना शिंगे हमखास तडकत. मग आजी म्हणे, "थोडं शेण मळा रे त्यात."

उन्हाळ्यात तळे आटले की वडील गाडी जुंपत आणि तोच गाळ आमच्या मुरमाड वावरात टाकत. आई तो पसरता पसरता १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगे. मला कडेवर घेऊन ती खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे.

पुढे शेतीचे शिक्षण घेतले. गाळाने हलक्या रानात ओल टिकते, हे पुस्तकात वाचले तेव्हा वडीलच डोळ्यांपुढे आले. (भारी काळ्या रानात मात्र गाळ घालू नये, निचरा बिघडतो.) सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली ती २०१७ साली, वडील तोवर राहिले नव्हते.

आता शहर हर्सूलला येऊन भिडले आहे. धाकटा भाऊ म्हणतो, प्लॉट पाडू. त्याचेही खोटे नाही, दोन मुली शिकताहेत. आई एवढेच म्हणाली, "गाळाचं वावर ठेवा. बाकीचं तुम्ही दोघं बघा."

सोमवारी मोजणी आहे.