फुलं झाकून बघताना

जाहिरातीची चित्रं काढणारा माणूस आल्फोन्स मुखाच्या पोस्टरसमोर उभा राहिला, की आधी रेघ बघतो. बाईच्या आकृतीला बाहेरून जाड रेघ. आत नाक, ओठ, बोटं अगदी बारीक रेघेनं काढलेली. रस्त्यापलीकडून जाड रेघ दिसते, जवळ गेल्यावर बारीक. मग नजर फुलांवर जाते आणि तिथंच रेंगाळते.

मुखा मूळचा मोराव्हियाचा, जन्म 1860 चा. पॅरिसमध्ये तो मासिकांना, पुस्तकांना चित्रं काढून देत असे. 1 जानेवारी 1895 ला ‘जिस्मोंदा’ नाटकाचं त्याचं पोस्टर भिंतींवर लागलं आणि शहरभर त्याचं नाव झालं. दोन मीटरहून उंच, अरुंद कागद. त्यावर अभिनेत्री सारा बर्नहार्ट, हातात पामची झावळी, केसांत ऑर्किड. छपाई शिळाछापाची, म्हणजे दगडावर चित्र काढून रंगामागून रंग उमटवत जायचं. मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये याच तंत्रावर उभा राहिला आणि कमळावरची लक्ष्मी घराघरांत पोहोचली.

‘जिस्मोंदा’च्या पुढच्याच वर्षी साराच्या ‘कॅमेलियावाली’ या नाटकाचं पोस्टर आलं. धाकट्या ड्यूमाच्या 1848 च्या कादंबरीतली गणिका नायिका महिन्यातले 25 दिवस पांढरा कॅमेलिया बाळगते आणि 5 दिवस लाल. मुखानं पांढरा निवडला. पन्नाशी ओलांडलेली सारा त्या फुलापाशी वय नसलेली दिसते. रंगाच्या एवढ्याशा निवडीतून त्यानं त्या बदनाम बाईची बाजू घेतली आहे. हे खरं पोस्टरकाराचं काम.

माल विकतानाही त्याची फुलं उगाच आलेली नसतात. लफेव्हर-युतिल बिस्किटांच्या चित्रातल्या मुलीच्या केसांत गव्हाच्या ओंब्या आहेत आणि पॉपीची लाल फुलं. फ्रान्सच्या गव्हाच्या शेतात पॉपी आपोआप उगवते; बिस्किटाचं पीठ कुठून आलं ते केसांतच सांगून झालं. 1897 चं मोनॅको-माँते कार्लोचं पोस्टर तर रेल्वे कंपनीचं, पण त्यात गाडी नाही, रूळ नाहीत. गुडघ्यांवर बसलेल्या मुलीभोवती फुलांची मोठमोठी चक्रं वळलेली आहेत, आणि चाकं तीच.

‘जॉब’ या सिगारेटच्या कागदाच्या 1896 च्या पोस्टरवर मात्र एकही फूल नाही. बाईनं चारचौघांत सिगारेट ओढणं तेव्हा सभ्य मानत नसत. कुठलं फूल तिला शोभलं असतं? मुखानं तिला मोकळे केस दिले आणि धूर दिला. डोळे अर्धे मिटून ती आपल्याच सुखात आहे. त्याच्या साऱ्या बायकांत हीच सर्वांत मोकळी वाटते.

कारण फुलासोबत एक अपेक्षाही येते. 1898 च्या ‘फुलं’ या मालिकेत चार बायका आहेत: गुलाब, कार्नेशन, लिली, आयरिस. फुलं निरखून काढलेली, पाकळीची मुरड, देठाचा बाक, सगळं जातीनुसार. चेहऱ्यांचं तसं नाही. फुलं हातानं झाकली तर त्या चौघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. फुलाला त्यानं स्वतःची ओळख दिली आणि बाईला एक आदर्श दिला: तरुण, निवांत, कुणाची तरी वाट बघणारी. 1902 मध्ये त्यानं ‘दोक्युमाँ देकोरातिफ’ हा 72 पानी चित्रसंग्रह काढला. त्यातही वनस्पतीचा आधी अभ्यास आणि मग त्यातून घडवलेली नक्षी, असा क्रम दिसतो. इतकी मेहनत त्या काळातल्या त्याच्या बायकांच्या चेहऱ्यांना क्वचितच मिळाली, आणि ही उणीव तिथं फार जाणवते.

पण 1911 मधलं प्रागचं ‘राजकन्या हायसिंथा’ या बॅलेचं पोस्टर बघा. नायिका लोहाराची मुलगी, नाव फुलाचंच, म्हणून कपड्यांच्या भरतकामात आणि चांदीच्या दागिन्यांत हायसिंथची फुलं आहेत. ती ताठ बसून थेट समोर बघते. तिथली फुलं झाकली तरी ती अभिनेत्री आंदुला सेदलाच्कोवाच राहते.