देव नाही, मग जगायचे कशासाठी?

देव मानत नाही, मग संकटात कुणाला हाक मारता? जगता तरी कशासाठी? हे प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. ते टाळून चालणार नाही. नुसता नकार माणसाला आयुष्यभर पुरत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. सुरुवातीच्या प्रतिज्ञा देव-अवतार नाकारतात, एवढेच विरोधकांना दिसते. पण नववी सर्व माणसे समान मानायला सांगते, दहावी समता स्थापन करण्यासाठी झटायला सांगते आणि तेरावी प्राणिमात्रांवर दया करायला. म्हणजे देव्हारा रिकामा करून बाबासाहेबांनी आपल्याला पोरके केले नाही, हातात काम दिले.

आमचे वडील वारले तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणून दुःख हलके झाले नाही. वस्तीतली माणसे रात्रभर सोबत बसली, म्हणून ते सोसता आले. हे ऋण नवस बोलून फिटत नाही, माणसांच्या उपयोगी पडूनच फिटते. संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना गणित शिकवताना आम्हाला जगण्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

देव असता तर अन्यायाचा हिशेब त्याच्यावर टाकून झोपता आले असते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर कुणी अवतार आला नव्हता, माणसेच चालत गेली होती. मित्रांनो, त्यांची वाट अजून संपलेली नाही. ती पुढे चालायला आपण हवे आहोत. जगायला एवढे कारण पुरेसे आहे.

जयभीम!