तळाचा वाटा

आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत काचेची एक चार फुटी टाकी आहे. तीत जावा मॉस आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती वाढतात. वरच्या थरात गप्पी, मधल्या थरात झेब्रा मासे आणि तळाच्या बारीक वाळूवर कांस्यवर्णी कॉरिडोरस, असा हा मिश्र संसार. कॉरिडोरस हा कॅटफिश कुळातला, आपल्या मागूरचा दूरचा भाऊबंद. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. थिओडोर गिल यांनी १८५८ मध्ये त्रिनिदाद बेटावरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

हा मासा विकताना दुकानदार हमखास सांगतात, ‘हा सफाईवाला. बाकीच्यांचे उष्टे खाऊन जगतो, वेगळे काही घालावे लागत नाही.’ हे वाक्य आम्हांस बोचले. कोणी कोणाच्या उष्ट्यावर जगावे हे जन्मानेच ठरते, ही भाषा आमच्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकली होती. माशाच्या बाबतीतही ती खोटीच आहे. कॉरिडोरस वाळूत मिशा खुपसून शोधतो ते किडे, अळ्या आणि सूक्ष्मजीव. विष्ठा तो खात नाही, आणि वरच्यांच्या उरलेल्यावर सोडला तर अर्धपोटी राहतो. म्हणून आम्ही दोन नियम केले. दिवा मालवल्यावर तळाला बुडणारे खाद्य त्याच्यासाठी वेगळे घालायचे. आणि दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलून घाण काढायची ती आपण, पाळीपाळीने, कोणीही सुटणार नाही.

जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर थंड पाणी भरले आणि दोन दिवसांत काचेवर अंडी दिसली. मादी आपल्या पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरते आणि एकेक करून काचेला, पानांना चिकटवते. मात्र मिश्र टाकीत झेब्रा मासे ती टिपतात. प्रसंगी आईबापही सोडत नाहीत. मुलांनी बोटाने हलकेच निम्मी अंडी सोडवून प्लास्टिकच्या टबात ठेवली, हवेचा बारीक प्रवाह सोडला आणि बुरशी आवरावी म्हणून देशी बदामाचे वाळलेले पान घातले. पांढरी पडलेली अंडी रोज वेचून टाकली. उरलेली टाकीतच, मॉसच्या भरवशावर राहू दिली.

चौथ्या दिवशी पिल्ले फुटली. पहिले दोन-तीन दिवस पोटाला बांधलेल्या बलकाची शिदोरी पुरते. खरी कसोटी त्यानंतर. मोठ्यांचे खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. मिठाच्या पाण्यात उबवलेली आर्टेमियाची पिल्ले मुलांनी सलाईनच्या नळीने थेट टबाच्या तळाशी सोडली, दिवसातून तीन वेळा, थोडी थोडी. उरलेले अन्न लगेच काढून घेतले, कारण कुजलेल्या अन्नाने पाणी बिघडते आणि पिल्ले मरतात. एका रात्री वीज गेली आणि पंप थांबला. आठवीच्या दोघांनी पहाटेपर्यंत वाटीने पाणी उचलून पुन्हा टबात ओतले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते.

महिन्याअखेर टबात एकवीस पिल्ले होती. मोठ्या टाकीत मात्र मॉस विंचरून पाहिले तेव्हा तीनच सापडली. ती तीन चिवट होती म्हणून मुलांनी त्यांचे फार कौतुक केले. आम्ही एवढेच विचारले की, बाकीची काय नालायक होती?

वर्ग बराच वेळ गप्प राहिला. मग पाचवीत नुकताच आलेला एक मुलगा म्हणाला, ‘नाही सर, त्यांच्यापर्यंत खाणं पोचलं नाही.’

पालकहो, पहिल्या पिढीचे शिकणारे मूल या आवारात येते तेव्हा त्याच्याविषयी आम्हांस याहून वेगळे सांगायचे नाही. तीन चिवट मुलांची नावे फलकावर लिहिणे सोपे असते. इतरांपर्यंत घास पोचला का, हे पाहणे हे शिक्षकाचे काम. टाकीशेजारी पाळीचा तक्ता आजही टांगलेला आहे. भेटीस याल तेव्हा अवश्य पाहावा.