पडीक म्हणू नये!

दिवाळीच्या सुटीत वन्संकडे पुरुषोत्तमनगरला गेले होते. शहादा तालुक्यातली ही सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्याची वसाहत. भोवती ऊस, अन् उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. डोळे कसे निवतात!

घरात मात्र वातावरण तापलेलं. भाचीला बी.एस्सी.नंतर वनस्पतींचं परिसरशास्त्र शिकायचं होतं. वन्सं म्हणाल्या, "अगं, तू शाळेत शिकवतेस, तूच समजाव हिला. झाडं मोजून का पोट भरतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तोरणमाळला निघालो. वाटेत एक खडकाळ माळ लागला. मी सहज म्हटलं, "केवढी ही पडीक जागा!"

"मामी, पडीक नका म्हणू," म्हणत भाचीनं गाडी थांबवायला लावली. सुतळीचा मीटरभर चौकोन आखला अन् मोजू लागली. वाळलेल्या गवतात तिला अकरा जातींची रोपं सापडली. मला दिसलं होतं नुसतं गवत!

मग तिनं डॉ. अपर्णा वाटवे यांच्याविषयी सांगितलं. सह्याद्रीतल्या खडकाळ सड्यांचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला अन् २०१३ साली उत्तर सह्याद्री व कोकणातल्या सड्यांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. सड्यावर माती बोटभर, पावसात चिखल, उन्हाळ्यात तवा! मातीत कस नाही, म्हणून सीतेची आसवं हे नाजूक रोप चक्क बारीक किडे पकडून पोषण मिळवतं. अशा जागी हौसेनं खड्डे खणून झाडं लावली, तर या रोपांचं घरच मोडतं. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तेही असंच खडकाळ आहे.

वन्संनी विचारलं, "आपल्याकडे कोणी केलंय का हे?" केलंय की! धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा ग्रंथ डॉ. डी. ए. पाटील यांनी २००३ साली प्रसिद्ध केला.

मैत्रिणींनो, ही वाट लांबची आहे. एम.एस्सी., मग पीएच.डी., अन् सुरुवातीला पैसा बेताचाच. पण कॉलेजं आहेत, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, निसर्गरक्षण करणाऱ्या संस्था आहेत. वन्संपासून मी यातलं काही लपवलं नाही.

निघायच्या दिवशी वन्सं भाचीला म्हणाल्या, "एम.एस्सी. तर कर, पुढचं पुढे." अन् फडताळातून सुतळीचं नवं बंडल काढून तिच्या हाती ठेवलं.